पेण व अष्टमी येथील मशिदी आणि एलियाहू हनाबीचा ऊरूस

धर्मस्थानांचा इतिहास लिहितांना आमच्या संशोधकांची दृष्टि प्रथम सनदेकडे जाते, हें स्वाभाविक आहे. इनाम गांव, वर्षासन, तेलवातीची नेमणूक यांचे कागद दप्तरांत सांपडतात आणि कागद सांपडला कीं स्थानास इतिहास मिळतो. परंतु ज्या स्थानांचा आधार इनाम नसून मंडळींची वर्गणी व अंगमेहनत हा होता, त्यांचा वृत्तांत या रीतीनें हातीं लागत नाहीं. पेण व रोहें-अष्टमी येथील बेने इस्रायल लोकांच्या मशिदी या दुसऱ्या वर्गांतल्या आहेत. त्यांविषयीं थोडें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पेण भोगावतीच्या कांठीं व रोहें कुंडलिकेच्या कांठीं आहे. रोह्यासमोर नदीपलीकडे अष्टमी. ज्या जिल्ह्यास पूर्वीं कुलाबा म्हणत व १९८१ पासून रायगड म्हणतात, त्याच्या खेड्याखेड्यांतून हे लोक शतकानुशतकें राहिले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवेंच त्यांचा भूगोल सांगतात. घाण्यावर तेल गाळणें हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. दावीद राहाबी नांवाच्या पुरुषानें त्यांस धर्माचें शिक्षण दिलें व झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांत काजीपण नेमून दिलें, अशी परंपरा आहे. राहाबीच्या काळाविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. परंपरेचें महत्त्व त्यानें कमी होत नाहीं.

प्रार्थनामंदिरास हे लोक मराठींत ‘मशीद’च म्हणत आले. त्यांची पहिली मशीद कोंकणांत नव्हे, तर मुंबईस १७९६ सालीं झाली. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटून आलेले सामाजी हसाजी दिवेकर यांनीं ती बांधविली. कोंकणांतील मशिदी यानंतरच्या: अलिबागची १८४८ ची, पेणची बेथ हाएलोहीम १८६३ ची आणि अष्टमीची बेथ एल १८८२ ची. हा क्रम अर्थपूर्ण आहे. पलटणींत व मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीस गेलेल्या माणसांच्या हातीं रोख पैसा आला, आणि त्याच काळांत गांवांकडे इमारती उभ्या राहूं लागल्या. तथापि इमारत उभी राहणें निराळें व ती चालणें निराळें. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. ते न जमल्यास उत्तम बांधलेली मशीदही मुकी राहते.

ही व्यवस्था कोण पाही? मुकादम, चौगुला, खजिना सांभाळणारा गब्बाय, प्रार्थना चालविणारा हज्जान, झाडलोट व दिवाबत्ती पाहणारा शमाश, असे अधिकार होते. यांपैकीं पहिलीं दोन नांवें आमच्या गांवगाड्याचीं व शेवटचीं तीन इब्री, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. धर्म पॅलेस्टाइनचा, पण कारभाराची घडी कोंकणच्या गांवकीची. उत्पन्नाच्या बाबी म्हणजे नवसाचें देणें, लग्नमुंजीसारख्या कार्यांतील देणगी, आणि तोरा उघडण्याच्या किंवा वाचण्याच्या मानाचा लिलाव. सुक्कोथच्या सणांत मांडवास टांगलेलीं फळें सण संपतांना लिलावानें देऊन तो पैसा मशिदीस देण्याची चालही कित्येक ठिकाणीं आढळते. फळाची किंमत बाजारांत कितीही असो, बोली चढे ती मानासाठीं.

विलायतेंत व अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून चर्चच्या मदतीसाठीं जत्रा भरवितात. बायका हातचे पदार्थ व विणकाम मांडतात, पुरुष मांडव घालतात, आणि विक्रीचा पैसा चर्चला जातो. आमच्या या प्रांतांत त्यास जवळचें रूप शोधावयाचें, तर तें एलियाहू हनाबीच्या उरुसांत सांपडतें. शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशीं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, हा होतो. अलिबागजवळ खंडाळें येथील खडकावर रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत आणि हा पैगंबर तेथून स्वर्गास गेला, अशी श्रद्धा आहे. तेथें मंडळी जमतात व मलिदा करतात. भिजविलेले पोहे, खोबऱ्याचा कीस, साखर, सुका मेवा आणि वर फळें. प्रार्थना होऊन तो सर्वांस वांटला जातो. नारळ खवणाऱ्या, पोहे निवडणाऱ्या व ताटें भरणाऱ्या बायकांची मजुरी कोणत्याही जमाखर्चांत येत नाहीं. मात्र ती नसती तर उरूसच नसता. फरक इतकाच कीं चर्चच्या जत्रेंत पदार्थ विकून पैसा उभा करतात, आणि येथें पदार्थ वांटून माणसें एकत्र ठेवतात. देणगी त्या एकत्र राहण्यांतून आपोआप निघते.

याच वृत्तीचें दुसरें उदाहरण कीर्तनाचें. १८८० सालीं मुंबईंत बेने इस्रायलांचें कीर्तनोत्तेजक मंडळ निघालें. त्याच्या प्रवर्तकांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे होते. आडनांवावरून त्यांचें मूळ गांव उघड आहे. अब्राहामाची कथा मराठी पदांत, आमच्या हरिदासांच्या थाटानें, लोकांस ऐकवावी, हा त्यांचा उद्योग होता.

१९४८ नंतर बहुसंख्य मंडळी इस्रायलास गेली. तेथें १९६२ सालीं मुख्य धर्मपीठानें त्यांच्या विवाहांसंबंधानें पूर्वजांची चौकशी करण्याचे नियम घातले. मोठी चळवळ झाली, व १९६४ सालीं तेथील पार्लमेंटनें त्यांस सर्व बाबतींत समान यहुदी मानावें असें ठरविलें. कोंकणांतल्या मंडळीनें कोणाचें लग्न कोणत्या रीतीनें लाविलें, हा प्रश्न अशा रीतीनें समुद्रापलीकडे नागरिकांच्या प्रतिष्ठेचा झाला. हायम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ सालीं पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. तो नसता तर पुष्कळशी माहिती लोपली असती.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. या गांवांतून जुन्या घरांचे कागद पाहतांना वर्गणीची यादी, लिलावाची टिपणी, लग्नाचा करारनामा, कीर्तनाची वही यांस क्षुल्लक समजून टाकूं नये. मूळ कागद धन्याकडेच राहूं द्यावा, नक्कल मात्र घ्यावी, व तो कोणत्या गांवीं कोणत्या घराण्यांत मिळाला याची नोंद करावी. सनदेवर एका राजाचा शिक्का असतो. वर्गणीच्या यादींत शंभर घरांचीं नांवें असतात. समाजाचा इतिहास लिहावयाचा तर दुसरा कागद पहिल्याहून कमी योग्यतेचा मानतां येणार नाहीं.