करकायद्याचा पंडित, राज्यघटनेचा कैवारी

कराच्या कायद्यात मुरलेला वकील म्हटला, की व्यापाऱ्यांच्या वह्यांत बुडालेला मनुष्य डोळ्यांसमोर येतो. नानी पालखीवाला यांचे चरित्र ही समजूत खोटी ठरविते. १९२० साली मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा बोलताना अडखळत असे. पुढे प्राध्यापकाची जागा हुकली, म्हणून तो कायद्याकडे वळला आणि सर जमशेटजी कांगा यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. १९५० साली या गुरुशिष्यांचा प्राप्तिकरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व तो प्रमाण मानला गेला.

कायद्याचा आधार असल्यावाचून सरकारला कर घेता येत नाही, असे घटनेचे २६५ वे कलम सांगते. सत्तेलाही कुंपण असते, हाच या विद्येचा गाभा होय. केशवानंद भारती खटल्यात पालखीवालांनी तोच प्रश्न संसदेविषयी उपस्थित केला. तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. १९७३ साली सातांविरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला, की संसदेस घटनादुरुस्ती करता येईल. परंतु घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही.

जून १९७५ मध्ये ते पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे वकील होते. आणीबाणी पुकारली जाताच त्यांनी ते वकीलपत्र परत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केशवानंद निर्णयाचा फेरविचार सुरू झाला, तेव्हा ते त्या निर्णयाच्या रक्षणार्थ उभे राहिले. दोन दिवसांतच ते खंडपीठ बरखास्त झाले.

२००२ साली पालखीवाला निवर्तले. त्यांनी राखलेले कुंपण मात्र उभे आहे.