तुटलेला धागा, चुकलेली ओळ
सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे माग व चादर हीच या शहराची ओळख बनली. मागावर उभा धागा तुटला आणि वेळीच लक्षात आले नाही, तर दोष वारभर कापडात उतरतो. म्हणून स्वयंचलित मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी अडकवतात. धागा तुटला, की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो.

असाच पहारा संगणकातही आला, तोही कापडाचेच नाव घेऊन. कापडाला चिकटणाऱ्या बारीक तंतूंना इंग्रजीत 'लिंट' म्हणतात. १९७८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'सी' भाषेतील बारीक चुका वेचणारा 'लिंट' हा प्रोग्रॅम लिहिला.

संकेतस्थळांचे रंगरूप ठरवणारी 'सीएसएस' भाषा १९९६ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यातील चुकलेली ओळ ब्राउझर निमूटपणे वगळतो. चूक उरते, पण कोणी ओरडत नाही. २०११ मध्ये 'सीएसएस लिंट' आले. संकेतस्थळाच्या बांधणीच्या क्रमातच अशी तपासणी गुंफली, की एक कंस राहिला तरी काम तिथेच थांबवता येते.

मात्र पट्टीला धाग्याचे तुटणे कळते, नक्षीचे बिघडणे नाही. तिथे विणकराचाच डोळा लागतो. वह्या तपासताना आपणही हा फरक लक्षात ठेवू या.