आगबोटीचा धूर

आत्याकडे एक जुना फोटो आहे. रेवसजवळ नांगर टाकून उभी असलेली आगबोट आणि पुढ्यात माणसांनी भरलेला मचवा. साल नाही, बोटीचं नाव नाही. दमट हवेने वरचा भाग पार पांढरा पडलाय, त्यामुळे धुरांडं दिसतं पण धूर नाही. जिच्या नावातच आग, ती बोट बिनधुराची कशी शोभेल? म्हणून फोटो स्कॅन केला आणि फोटोशॉप उघडून बसलो.

हा उद्योग काही आजचा नाही बरं का. फोटोशॉप आलं 1990 साली, पण गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार 1850 च्या दशकातच समुद्र एका काचेवरून आणि आकाश दुसऱ्या काचेवरून घेऊन एक फोटो छापायचा. त्या काळच्या काचांवर समुद्र नीट उमटला की आकाश कोरं व्हायचं. थोडक्यात, माझीच अडचण!

काळ्या पार्श्वभूमीवरचा धूर 'स्क्रीन' मोडमध्ये ठेवला की काळा रंग गळून पडतो आणि धूर उरतो. पण माझं आकाश पांढरं, त्यावर पांढरा धूर दिसणार कसा? मग तो उलटा करून 'मल्टिप्लाय' वापरला. धुरांड्याशी दाट, पुढे विरळ आणि अस्पष्ट. भोंग्याची थोडी वाफही घातली. चहाच्या किटलीकडे नीट बघा, तोटीच्या अगदी तोंडाशी वाफ दिसतच नाही, थोडं पुढे गार झाल्यावर पांढरी होते. तेवढी जागा मोकळी सोडली. स्वतःवरच खूश झालो.

आत्याने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अरे, मचव्यातल्या बायकांचे पदर उजवीकडे उडतायत, आणि तुझा धूर डावीकडे कसा जातोय?"

गप्प बसलो. पदर खरे होते, धूर माझा होता. धूर उलटा फिरवला आणि फोटो नातेवाइकांना पाठवून दिला.

पुढच्या 17 जुलैला तोच फोटो व्हॉट्सॅपवर फिरत माझ्याकडे परत आला. खाली लिहिलं होतं, 'रामदास बोटीचा शेवटचा फोटो'.

17 जुलै 1947, आषाढ अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावर ही आठवण अजून हळू आवाजात काढली जाते. त्या माणसांच्या नावावर माझा घरी केलेला धूर फिरत होता, आणि आता तो वाऱ्याच्या दिशेने असल्यामुळे कोणाला शंकाही येत नव्हती! पहिला चुकीचा धूर निदान पकडला तरी गेला होता.

मंडळी, धूर म्हणजे नुसती शोभा नव्हे. वारा कुठला होता, बोटीची भट्टी पेटलेली होती का, हे तोच सांगतो. तो आपण घातला की साक्षही आपणच दिली म्हणायची.

सगळ्यांना कळवलं की ही रामदास असल्याचा काही पुरावा नाही. नव्या प्रतीवर, फोटोच्याच अंगावर, ठळक लिहिलंय: 'धूर नंतर घातलेला आहे'. मूळ पांढऱ्या आकाशाची प्रत जपून ठेवली आहे. आत्याच्या भिंतीवर मात्र बिनधुराचीच लागली.

असो. तुमच्याकडे असे जुने फोटो असतील तर आधी मूळ प्रत बाजूला काढा. मग खुशाल धूर काढा!