जुन्या वस्तूंचे दान : टोकावडे परिसराच्या निमित्ताने

धन्यवादित फ्रेडरिक ओझानम व त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिस येथे संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची स्थापना केली. गरजूंच्या घरी जाऊन, त्यांची गरज जाणून मग मदत करणे ही तिची रीत. घरातील जुन्या वस्तू दान करताना आपणही हीच रीत पाळावी, असे आम्हांस वाटते.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागते. या भागातील व शेजारच्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर ठाकूर व कातकरी बांधव राहतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. चार भांडी आणि अंथरूण-पांघरूण एवढाच संसार त्यांच्यासोबत असतो. म्हणून पातेली, चादरी व गरम कपडे दिवाळीपूर्वी, तर ताडपत्री, छत्र्या व दप्तरे जूनपूर्वी पोहोचावीत.

कपडे धुऊन, बटणे लावून, वयाप्रमाणे वेगळे बांधावेत. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवता येतात. मोडका पंखा दुरुस्त करूनच द्यावा. तो दुरुस्त होण्याजोगा नसेल तर भंगारात विकून ती रक्कम द्यावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात 'वापरा आणि फेका' या वृत्तीबद्दल खेद व्यक्त केला आहे. निरुपयोगी वस्तू गरिबाच्या दारी नेऊन ठेवणे हे त्याच वृत्तीचे दुसरे रूप होय. घेणाऱ्याचा मान राखला जातो, तेव्हाच दान प्रभूला अर्पण होते.