बॅकअप आहे, पण रिस्टोअर होतोय का?

मागे एकदा आमच्या प्रोजेक्टचा सर्व्हर झोपला. बॅकअप रोज घेतला जायचा, पण तो रिस्टोअर होतो का, हे कुणी कधी तपासलंच नव्हतं. परवा प्रवाळांबद्दल वाचताना ती रात्र आठवली.

गोष्ट सुरू होते १९४९ साली, लंडनमध्ये. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू गोठवून पाहत होते. काही केल्या जमेना. मग एका बाटलीतल्या द्रावणात ते चक्क जगले! तपासलं तर लेबलांचा घोटाळा, आत साखरेऐवजी ग्लिसरॉल. गोठवणशास्त्राचा पाया असा चुकून घातला गेला.

बरेच प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री बीज सोडतात, म्हणून त्यांच्या अळ्या साठवायच्या. पण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. त्यामुळे द्रव इतक्या झटक्यात थंड करायचा, की बर्फ न होता त्याची काच व्हावी. खरी गोची पुढेच आहे: परत गरम करताना जरा उशीर झाला, की स्फटिक हजर. हवाईतल्या प्रवाळांसाठी स्मिथसोनियनच्या मेरी हेगडॉर्न आणि सहकाऱ्यांनी यावरचा उपाय २०१८ साली प्रसिद्ध केला. द्रवात सोन्याचे नॅनोकण मिसळायचे आणि लेझरचा एक झोत मारायचा. कण तापले, काच क्षणार्धात वितळली, अळ्या पुन्हा पोहू लागल्या!

अर्थात, अळी पोहली म्हणजे प्रवाळभिंत उभी राहिली असं नाही. तिने खडकाला चिकटावं, वाढावं, तर खरं. आणि समुद्र असाच तापत राहिला तर रिस्टोअर करणार कुठे? बॅकअप हवाच हो, पण सर्व्हरही वाचवायला हवा.