खिळे न मिळालेला ग्रंथ

काम मनाजोगे झाले की त्यातच समाधान, मग कोणी दखल घेवो वा न घेवो, असे आपण लिहिणारी माणसे वारंवार म्हणत असतो. कधी नम्रतेने म्हणतो, कधी दुखावलेल्या मनाने. दाखला द्यावयाचा झाला म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव हमखास पुढे येते. परदेशातून आले, आपली भाषा शिकले, पुराण रचले आणि कसलीही अपेक्षा न धरता निघून गेले, अशी त्यांची मूर्ती आपण मनोमन घडविली आहे. आम्हीही ती अनेक वर्षे पूजिली. परंतु त्यांची पत्रे वाचू लागलो म्हणजे ही मूर्ती जराशी हलते.

स्टीफन्स इंग्लंडमधील विल्टशरचे. 1575 मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांचा बहुतेक काळ त्यांनी साष्टीत काढला. (ही साष्टी गोव्याची, आपल्या ठाण्याकडची नव्हे, नामसाम्यामुळे आपल्यातील काहींचा गोंधळ होतो.) 24 ऑक्टोबर 1583 रोजी आपल्या भावास धाडलेल्या पत्रात त्यांनी सहज नमूद केले की, या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे विख्यात व्याख्यान दिले ते 1786 मध्ये. म्हणजे दोनशे वर्षे आधी एक धर्मगुरू त्या वाटेच्या तोंडाशी उभा होता. ते पत्र प्रसिद्ध झाले 1957 मध्ये! या निरीक्षणाचे श्रेय आपल्याला मिळावे, अशी स्टीफन्सना तळमळ होती काय? तशी एकही खूण पत्रात नाही. पाहिले, आवडले, भावाला कळविले. एवढ्यापुरती आपली लाडकी मूर्ती शाबूत राहते.

5 डिसेंबर 1608 चे पत्र मात्र निराळ्या मनाचे आहे. ते त्यांनी रोमला संघाचे प्रमुख क्लावडिओ आक्वाविवा यांना लिहिले. या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत काही पुस्तके छापलेली पाहावीत, ही आपली फार दिवसांची इच्छा आहे, मलबारात तसे घडले असून तेथील ख्रिस्तसभेस त्याचा मोठा लाभ झाला आहे, असे ते सांगतात. मग अडचणी मांडतात. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते. इथे अक्षरे जोडाक्षरांसह ओतावयाची तर साचे सहाशेच्या घरात जातात. यावर तोडगाही तेच सुचवितात, की ही संख्या दोनशेवर आणता येईल. दुसरी अडचण अशी की, प्रांतप्रमुखांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून हे होणे नाही, आणि त्यांच्यामागे इतकी कामे आहेत की त्यांना याकडे पाहावयास सवड नाही. तेव्हा आपणच त्यांना लिहावे.

सहाशेचे दोनशे! ज्याने आपल्या खोलीत बसून जोडाक्षरांची मोडणी केली असेल, एकेक साचा गाळत आणला असेल, त्या माणसाला निरपेक्ष म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. त्याला काहीतरी हवे होते, आणि वय साठीकडे झुकले असताना त्यासाठी वरिष्ठांच्या डोक्यावरून थेट रोमला लिहिण्याइतके ते तीव्रतेने हवे होते.

खिळे मिळाले नाहीत. 1616 मध्ये राशोलच्या मुद्रणालयातून ख्रिस्तपुराण बाहेर पडले ते रोमी लिपीत. दोन भाग, दहा हजार नऊशेहून अधिक ओव्या आणि आरंभी मराठीची ती स्तुती, जी आज आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या भाषेची एवढी थोरवी गायिली, तिचे एकही अक्षर तिच्या स्वतःच्या रूपात त्या पानांवर उमटले नाही. तीन वर्षांनी, 1619 मध्ये स्टीफन्स वारले. त्यांची ‘दौत्रिना’ 1622 मध्ये निघाली आणि कोंकणीचे व्याकरण 1640 मध्ये. दोन्ही छापील स्वरूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी श्रीरामपुरास छापले गेले ते 1805 मध्ये, विल्यम केरींच्या हातून.

मग त्यांना समाधान लाभले की नाही? आमच्या मते प्रश्नच थोडा चुकतो. वाखाणणी हवी असणे वेगळे आणि वाचक हवा असणे वेगळे. पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत एक श्रोता गुरूला विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही सोडावयास लावलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरी का रचीत नाही? हे सारे काव्य त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभे आहे. विचारणारा आधी आहे, ओवी नंतर. अशा कवीला ‘ऐकणारा नसला तरी चालेल’ असे म्हणणे शक्यच नव्हते. खिळ्यांचा हट्टही त्याच जातीचा: साष्टीतल्या ज्या माणसाला रोमी अक्षर परके होते, त्याच्या हातात पुस्तक पडावे. स्वतःचे नाव मोठे व्हावे यासाठी कोणी जोडाक्षरे मोजीत बसत नाही.

आणि ऐकणारे मिळाले. 1649 आणि 1654 अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. पुढे छापील प्रती अशा नाहीशा झाल्या की तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. मराठी वाङ्मयाच्या पंडितांना हा कवी खऱ्या अर्थाने ठाऊक झाला तो त्यानंतर, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी. शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे स्टीफन्सना हवे होते तसे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती आले.

एक हस्तलिखित मात्र याहून जुन्या वाटेने चालत आले आहे. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून ते लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत गेले, आणि 1920 नंतर जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ते देवनागरीत आहे. ओतलेले साचे नाहीत, प्रांतप्रमुखांची आज्ञा नाही. कोणीतरी लेखणी घेऊन बसले आणि हजारो ओव्या, जोडाक्षरांसकट, लिहून काढल्या.