टेक्सास ज्वर : गोचिडांचा शोध आणि पशुपालकांचा अनुभव

एकोणिसाव्या शतकात टेक्सासमधील मांसोत्पादक गुरांचे कळप उत्तरेकडे हाकले जात, तेव्हा वाटेवरील स्थानिक गुरे तीव्र ज्वर व रक्तमिश्रित लघवी होऊन दगावत. आलेले कळप मात्र निरोगी दिसत. रोग गोचिडांमुळे होतो, असे अनेक पशुपालक सांगत. तज्ज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही. थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांनी १८८९ पासून याच लोकानुभवाची कसोटी घेतली. दक्षिणी गुरांच्या अंगावरील गोचीड वेचून काढल्यास सोबतची गुरे सुरक्षित राहत. कुरणात नुसते गोचीड सोडले तरी रोग उद्भवे. १८९३ च्या त्यांच्या अहवालाने रक्तातील परजीवी व त्याचा वाहक, दोन्ही सिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांचे सिकंदराबाद येथील डासांवरील संशोधन त्यानंतरचे, १८९७ चे होय. गोचिडांचे जीवनचक्र उलगडणारे कूपर कर्टिस यांना मात्र श्रेयात रास्त वाटा मिळाला नाही, असेच म्हणावे लागते.

१९०६ मध्ये निर्मूलन मोहीम सुरू झाली. दर पंधरवड्याला गुरे आर्सेनिकच्या हौदातून काढण्याची सक्ती झाली. तिचा भार अल्पभूधारकांना अधिक जाचला. दक्षिणेत काही ठिकाणी त्यांनी हौदच सुरुंगाने उडवले. ज्यांच्या निरीक्षणातून शोधाला दिशा मिळाली, त्या वर्गाचा सल्ला अंमलबजावणीत क्वचितच घेतला गेला. १९४३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा वगळता मोहीम पूर्ण झाली.